येळवशीच्या दिवशी राजेश्रीचा फैसला

आंबील सांडलेली येळवस, मार्गशीर्ष अमावस्येची ती रानातली पूजा, मी या घरात पन्नास वर्षांत पाहिली नव्हती. आमचे हे गेले त्या साली सुतक फिटून पंधरवडासुद्धा झाला नव्हता, तरी आंबिलीचं मातीचं बिंदगं धड शेतात पोचलं होतं. यंदा ते पांडवांचे पाच दगड मांडलेल्या कडब्याच्या कोपीपासून वीस पावलांवर फुटलं, आणि फोडलं माझ्या सुनेनं.

मुद्दाम फोडलं असं मी आता म्हणत नाही. त्या दुपारी म्हणले होते. चार माणसांदेखत, मोठ्यानं.

राजेश्रीचा तो तिसरा दिवस होता. बाजूला बसलेल्या बाईनं येळवशीला उभ्या ज्वारीत पाय ठेवू नये, हे आमच्याकडं लेकरालाही सांगावं लागत नाही. पण तिला घरी एकटी ठेवायची सोय नव्हती. दोन वर्षांमागं एका सकाळी ती आडाच्या काठावर आत पाय सोडून बसलेली सापडली. तेव्हापासून तिच्यापाशी कायम एक माणूस पाहिजे, हा माझा हुकूम. म्हणून सोबत आणलं आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, लिंबाखाली पोतं टाकून बसवलं. पिकाला विटाळ नको, अन् माणूस नजरेसमोर.

माझा बन्सीधर डोक्यावर घोंगडं घेऊन, बिंदगं छातीशी धरून पाऊलवाटेनं आला. मागं माझी लेक सविता, डोक्यावर भज्जी-उंड्याच्या नैवेद्याची पाटी. तिच्या मागं जावईबापू बजरंग, मोबाइलात फोटो काढत. राजेश्रीला वाटलं, आपली सावली आंबिलीवर पडेल. म्हणून ती सरकायला उठली. उठली, डोकं धरलं, आणि अशी भेलकांडली की सरळ नवऱ्याच्या गुडघ्यांत गेली. बिंदगं दगडावर आपटलं. आंबील मातीनं पिऊन टाकली.

"बघ माय," सविता ओरडली. "बघ! आज अमावस्या हाय का न्हाई?"

झोक्यावरची निकिता, माझी नात, पाय टेकवून उभी राहिली. सात वर्षांची हाय, पण आईकडं धावायच्या आधी तिनं माझ्याकडं बघितलं. जाऊ का म्हणून. मी मान हलवली, नको म्हणून. बाजूला बसलेल्या आईला शिवायचं नसतं.

"फोडलंस?" मी राजेश्रीला म्हणलं. "आता पांडवांपुढं काय ठेवू, तुझं डोकं?"

ती मातीतच पडून होती. डोळे मिटलेले. "डोक्यात करंट बसायलाय, आत्याबाई," ती म्हणली. "मान हालवली की झट् झट् करायलंय. मी मुद्दाम न्हाई केलं."

बन्सीधरनं घोंगडं काढलं, तिला धरायला वाकला, मग माझ्याकडं बघून थांबला. ती हातापायांवर रांगत आपल्या पोत्यावर गेली आणि तिथं ओकली.

*

गोळीचं इथं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आडाच्या त्या प्रकारानंतर राजेश्रीला परभणीला डॉक्टरला दाखवलं. मन बसलंय, म्हणले, औषध सुरू करू. अन् म्हणले, सुरुवातीला गोळ्या घरातल्या जबाबदार माणसाच्या हातात ठेवा. आता आमच्या घरात जबाबदार माणूस कोण, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी विचारू दिलं नाही. देवघरातल्या कपाटाला कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला. गोळ्या तिथं ठेवल्या. सकाळी पूजा झाली की पळीभर तीर्थ आणि एक गोळी तिच्या हातावर. दोन वर्षांत मी एक दिवस विसरले नाही. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण माझ्यासारखा नेम परभणीच्या दवाखान्यात पगार घेणाऱ्यांना जमणार नाही.

गोळीनं ती उठली, हे खोटं कसं म्हणू. लेकराची वेणी घालायला लागली. भाकरी पहिल्यासारखी गोल व्हायला लागली. पण दुसरंही झालं. अंग सुटलं, झंपरं उसवावी लागली. थंडीत घाम. तोंडाला कोरड, सारखा तांब्या तोंडाला. आणि मागच्या साली आमचे हे गेले, सारं राणीसावरगाव वाड्यासमोर रडलं, शेजारची चांगुणाबाई हेल काढून काढून आडवी झाली, आणि माझी सून भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसली. बायकांनी बघितलं. मी बघितलं. ते मी पोटात ठेवलं होतं आणि रोज थोडं थोडं तिला चाखवत होते.

श्रावणात डॉक्टरांनी गोळी बदलली. पहिलीनं तिला झोप लागत नव्हती, जिवाची नुसती घालमेल. नवीन गोळीनं झोप लागली. आणि तेव्हापासूनच हे झटके सुरू झाले. महिन्यातून एकदा. चक्कर, ओकाऱ्या, डोक्यात करंट, कुणी बोललं तर अंगावर धावून येणं. मग आपोआप खलास. पुढच्या महिन्यापर्यंत बाई शहाणी.

*

सविताच्या मनात त्या दिवशी काय होतं ते मला तिनं सांगायची गरज नाही. तिला मी जन्म दिलाय, तिची पाठ बघून मला कळतं. ती वाईट नाही. परभणीत तीन खोल्यांच्या घरात राहून तिला वाटतं की माहेर आपल्यावाचून बुडायलंय. बापाच्या मातीला भावजय रडली नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त लागलं होतं. म्हणून तिनं मला न विचारता आदल्या दिवशी पूर्णेला फोन केला, राजेश्रीच्या भावाला. "येळवशीचं जेवायला या" म्हणली. जेवण हे निमित्त. न्यायला बोलावलं होतं.

आणि तो भाऊ, राम, नेमका त्याच वेळेला आला. गंगाखेडला रेल्वेतून उतरून जीपनं. हातात पेरूची पिशवी, अंगात इस्त्रीचा सदरा. धुऱ्यावर येतो तर बहीण पोत्यावर ओकायलीय, वाटेत बिंदग्याची खापरं, आणि तिच्याजवळ एकही माणूस नाही. सगळे दहा पावलं लांब उभे.

"काय झालं?" तो म्हणला.

"बसा," सविता म्हणली. "त्याच्यासाठीच बोलावलंय."

कोपीच्या सावलीत घोंगडं अंथरलं. पांडवांसमोर पाटी तशीच झाकलेली. पूजा झाल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, अन् पूजेला आंबील नाही. निकिताला मी शेजारच्या रानात पिटाळलं, ताक हाय का विचारून ये म्हणून. लेकरासमोर हे बोलायचं नव्हतं. राजेश्री लिंबाखाली होती. तिला ऐकू जात होतं. सविता मुद्दाम तेवढ्या आवाजात बोलत होती.

"रामभाऊ, तुमाला वाईट वाटंल," सविता म्हणली, "पण मी तारखा ठेवल्यात. पोळ्याला पहिला झटका. मंग सर्वपित्रीला. मंग लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, पाव्हणे घरात असताना हिनं ताट भिरकावलं. मंग कार्तिकातली अमावस्या. अन् आज. पाच अमावस्या झाल्या. एकबी चुकली न्हाई."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुमी बी गावाकडचेच हायत."

"आक्का, उगंच काहीबाही," बन्सीधर पुटपुटला.

"तू गप. तुझ्यामुळंच ही पाळी आली."

मग जावईबापूंनी घसा साफ केला. ते कचेरीत बसतात. अमावस्या-बिमावस्या ते मानत नाहीत, पण बायकोसमोर तसं म्हणतही नाहीत. "अमावस्येचं जाऊ द्या मामी," ते मला म्हणले. "हे गोळ्यांचे साइड इफेक्ट हायत. मी काल रात्री सगळं वाचलं." आणि मोबाइल डोळ्यांपुढं धरून वाचायला लागले. "मळमळ. चक्कर. घाम. तोंड कोरडं पडणं. वजन वाढणं. झोप येणं नाहीतर उडणं. भावना बोथट होणं, रडू न येणं…"

सवितानं माझ्याकडं बघितलं. मी ज्वारीकडं बघितलं.

"…अन् पती-पत्नीच्या…" जावईबापू वाचता वाचता थांबले. बोटानं पुढं सरकवलं. "ते जाऊ द्या."

बन्सीधरचे कान लाल झाले. मी त्याची आई हाय. त्याच्या खोलीत काय उणं होतं ते मी कधी विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशी विचारायची गरज उरली नाही.

"मुद्दा काय," जावईबापू म्हणले, "ही गोळी तिला सोसंना. आजपासून बंद करा."

"अन् राजेश्री सहा महिने पूर्णेला राहील," सविता म्हणली. "बरी झाली की बघू."

"अन् निकिता?" रामनं विचारलं.

"तिची शाळा हाय. ती इथंच राहील. अन् दर अमावस्येला आईचा हा तमाशा लेकरानं कामून बघायचा?"

आता बघा, "बरी झाली की बघू" याचा अर्थ आमच्या मुलखात सगळ्यांना कळतो. माहेरी पोचवलेली सून सहा महिन्यांनी परत आणायला कुणी जात नाही. मधल्या काळात नवऱ्यासाठी दुसरी बघायला सुरुवात होते, अन् लेकरू आजीच्या कुशीत आईला विसरायला शिकतं. रामलाही ते कळलं. तो पेरूची पिशवी उगीच उघडत मिटत बसला. त्याची दोन खोल्यांची रेल्वेची चाळ, घरात बायको, दोन पोरं. बहिणीला न्यायचं तर कुठं निजवायचं, हे तो तिथं बसल्या बसल्या मोजत होता. त्याला दोष देत नाही. तोंडानं मात्र म्हणला, "बहीण हाय माझी. टाकून थोडीच देतो. पण बन्सीभाऊ, तुमी काय म्हणता?"

बन्सीधर काय म्हणणार. त्यानं माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षांचा बाप्या, पण बापाच्या माघारी या घरात हलायचं ते माझ्या डोळ्याकडं बघून. पुढं महिन्यानं त्यानं मला एकदाच सांगितलं, "माय, त्या दिवशी मला उठून तिच्यापाशी जायचं होतं. तू एकदा हूं म्हणली असतीस तर गेलो असतो." मी म्हणलं, माझ्या हूं शिवाय का गेला नाहीस?  तसं जायला मीच त्याला लहानपणापासून शिकवलं नव्हतं.

"माय सांगंल ते," तो म्हणला.

"सांग माय," सविता म्हणली. "तुझा शब्द शेवटचा."

*

मी बोलणारच होते. 'न्या' हा शब्द माझ्या ओठांवर तयार होता. आंबील सांडली होती, अंगाची आग झाली होती.

पण सविताच्या तारखा माझ्या डोक्यात अडकल्या. मला कॅलेंडर नीट वाचता येत नाही. मी दिवस लक्षात ठेवते ते कामावरून. कोणत्या सणाला कोणी काय रांधलं, त्यावरून. पोळ्याला बैलांना नैवेद्य कोणी ओवाळला? मी. सून असताना मी का? ती बाजूला बसली होती म्हणून. सर्वपित्रीचे वडे कोणी तळले? मी, गुडघे धरून. लक्ष्मीपूजनाला? मीच, आणि त्या दिवशी तिचं ताट बाहेर पडवीत वाढलं होतं. तेच तिनं भिरकावलं. कार्तिकात? मी. आज पहाटे उंडे कोणी वळले? मीच.

पाचही अमावस्यांना राजेश्री बाजूला होती.

आणि बाजूला बसलेल्या बाईला तीर्थ देत नाहीत.

माझ्या हातून एक दिवस चुकला नाही, असं मी मघाशी सांगितलं. ते मागं घेत नाही, राहू दे. मला खरंच तसं वाटत होतं. कारण ते चार दिवस माझ्या हिशेबात दिवसच नव्हते. पूजा झाली, तीर्थ वाटलं, कपाटाला कुलूप लावलं. ती देवघराच्या उंबऱ्याला येत नव्हती आणि मी तिच्या अंगणात जात नव्हते. गोळी देवाच्या कपाटात होती, म्हणून तिलाही विटाळ लागत होता. पाचव्या दिवशी न्हाऊन आली की पुन्हा तीर्थ, पुन्हा गोळी. आणि दोन दिवसांत बाई शहाणी.

माझा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, हेही सांगते. बायकांच्या या दिवसांबद्दल जावयासमोर, व्याह्याच्या पोरासमोर, पोटच्या ल्योकासमोर बोलायचं म्हणजे मला डोक्यावरचा पदर काढून बाजारात फिरल्यासारखं होतं. पन्नास वर्षांत मी तो शब्द पुरुषाच्या कानावर पडू दिला नाही. अन् त्याहून मोठं म्हणजे, चूक माझी निघत होती. या घरात चूक इतरांची निघते.

"माय?" सविता म्हणली.

"जावईबापू," मी म्हणलं, "तुमच्या त्या मोबाइलात एक बघा. ही गोळी रोज घेणाऱ्या माणसाची एकाएकी बंद केली, तर काय होतं?"

"पण मामी, बंद कुठं केलीय? अजून करायचीच हाय."

"बघा म्हणलं ना."

ते बोट फिरवत राहिले. मग त्यांचं बोट थांबलं. हळूहळू वाचलं, आणि या खेपेला आवाज कचेरीतला नव्हता. "चक्कर… मळमळ, उलटी… चिडचिड, रडू… डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं… दोन-तीन दिवसांत सुरू होऊ शकतं." त्यांनी वर बघितलं. "पण तुमी तर रोज देता ना?"

"रोज न्हाई देत."

 लिंबाखाली राजेश्रीनं मान उचलली, ते मला तिकडं न बघता कळलं.

"बाजूला बसते ते चार दिवस देत न्हाई," मी म्हणलं. म्हणताना मी कुणाकडं बघितलं नाही, कोपीच्या कडब्याकडं बघितलं. "तीर्थासंगं देते मी. त्या दिवसांत तीर्थ न्हाई, म्हणून गोळी न्हाई. अन् यंदा तिचे दिवस अमावस्येला यायलेत. ही तुझी अमावस्या, सविता. झालं समाधान?"

सविताचं तोंड उघडं राहिलं. रामनं मान खाली घातली. जावईबापूंनी मोबाइल खिशात ठेवला, पुन्हा काढला.

"माय," बन्सीधर म्हणला, "आजबी न्हाई दिली?"

"तिसरा दिवस हाय. तीन न्हाई दिल्या."

"अगं पण माय…" सविता म्हणली. "मंग तर उलट हाय! चार दिवस न्हाई मिळाली तर माणूस असं करतं, म्हणजे ही नशाच झाली की. दारूड्याला दारू न्हाई मिळाली की असंच…"

"डॉक्टरला विचारा," राम एकदम म्हणला. पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "इथं बसून आपण सगळेच डॉक्टर झालोय. फोन लावा त्यांना. न्हाई तर मला नंबर द्या."

*

फोन तिसऱ्यांदा उचलला गेला. जावईबापूंनी आवाज मोठा करून मोबाइल घोंगड्यावर ठेवला. सगळं त्यांनीच सांगितलं, अडखळत, 'ते दिवस' म्हणायच्या जागी दोनदा खोकत. 

"मी सहा महिन्यांपूर्वी विचारलं होतं, गोळी रोज चालू आहे का," ते म्हणाले. "तेव्हा 'एक दिवस चुकत नाही' असं कोणी सांगितलं?"

"मी," मी म्हणलं.

"आजी, आधीची गोळी अंगात बरेच दिवस टिकायची. चार दिवस चुकले तरी भागून जायचं. ही लवकर उतरते. हिला खाडा चालत नाही."

"ही नशा हाय का?" सवितानं फोनवर वाकून विचारलं. "सवय लागलीय का तिला?"

"नाही. नशेत माणूस जास्त जास्त मागतो. यांनी दोन वर्षांत एक गोळी जास्त मागितली का? शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम तोडायचं नाही. थांबवायचं असेल तेव्हा हळूहळू उतरवू, मी सांगेन तसं. आता एवढंच करा. आजची गोळी लगेच द्या. एकच. आधीच्या दोन भरून काढायच्या नाहीत. पाणी पाजा, एकटीला उठू देऊ नका. फारच वाटलं तर आजच घेऊन या, नाहीतर सोमवारी."

"अन् वजन, घाम, ते बाकीचं?" बन्सीधरनं विचारलं. त्याच्या तोंडून प्रश्न निघाला याचं मलाच नवल वाटलं.

"ते गोळीचं असू शकतं. पण मला कोणी सांगितलंच नाही. दर वेळी आजी म्हणतात, सगळं झकास. ज्यांनी गोळी घेतली त्यांना बोलू द्या की. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. आणि मागच्या खेपेलाच मी म्हणालो होतो, आता त्यांची तब्येत सुधारलीय, गोळ्या त्यांच्याच हातात द्या. दिल्या नाहीत?"

दिल्या नव्हत्या. किल्लीचा छल्ला कमरेला होता, तो मी काढून बन्सीधरच्या पुढ्यात टाकला. त्यानं उचलला आणि गाडीकडं पळाला. माझ्या डोळ्याकडं न बघता.

*

घर तिथून दोन मैल. तो येईपर्यंत अर्धा तास. सविता पांडवांपुढं बसून राहिली, पाटीवरचं फडकं नीट करत. तिला रडू आलं होतं, पण ते लेकीचं रडू, थोडं खरं आणि थोडं फजितीचं. मी तिला काही म्हणलं नाही. मी उठले आणि लिंबाकडं गेले.

पोत्याच्या कडेला उभी राहिले. मग बसले. पोत्यावरच बसले. कोपीतून सविताचा आवाज आला, "माय, तुला आंघोळ…" आणि तिथंच विरला.

राजेश्री डोळे मिटून पडली होती. ओठ सुकून पापुद्रे निघाले होते.

"ऐकलंस सगळं?" मी म्हणलं.

"हं."

"तर चूक कुणाची ते कळलंय तुला."

"मला माहीत होतं, आत्याबाई."

"काय माहीत होतं?"

"गोळीचा खाडा पडतो म्हणून होतं ते. सर्वपित्रीलाच कळलं. पाचव्या दिवशी गोळी घेतली अन् सांजच्याला डोकं हलकं झालं. मंग दिवाळीला मोजून बघितलं."

"मंग तोंड कामून उघडलं न्हाई?" माझा आवाज चढला. तो चढतोच. "घरादारानं तुला भूत ठरवलं, अन् तू गप? मला सांगायचं ना!"

तिनं डोळे उघडले. मान न हलवता, नुसते डोळे माझ्याकडं वळवले.

"तुमाला सांगितलं असतं, तर तुमी काय म्हणला असता? चार दिवसांत ही गत होते, म्हणजे ही नशाच हाय. बंदच करा. आक्का आता म्हणल्याच की. तुमी त्यांच्या आधी म्हणला असता." ती थांबली, ओठ ओले करायला जीभ फिरवली, जीभही कोरडी. "बंद झाली असती, तर मी परत आडावर गेले असते. म्हणून म्हणलं, चार दिवस सोसू. चार दिवस तुमचे, आत्याबाई. बाकीचे माझे होते."

मला साठाच्या वर वर्षं झाली. माणसाच्या तोंडावर उत्तर द्यायला मला कधी वेळ लागला नाही. तिथं मी लिंबाच्या मुळीवर हात ठेवून नुसती बसले.

तीच बोलली. "मामंजी गेले तवा मला रडू आलं न्हाई, ते बी त्या गोळीनंच असंल. आत सगळं होतं. घशापर्यंत येत होतं अन् थांबत होतं. त्यांनी मला कधी एका शब्दानं दुखवलं न्हाई. मला रडायचं होतं. तुमी समोर बसून माझे डोळे बघत होत्या."

"बघत होते," मी म्हणलं.

ज्वारीत वारं फिरलं. निकिता शेजारच्या रानातून ताकाचा गडवा दोन्ही हातांनी धरून येत होती. आम्हाला एका पोत्यावर बघून ती वाटेतच थांबली. आजी आणि मम्मी, अन् मधी काहीच अंतर नाही, हे तिला कळेना.

"राम न्यायला आलाय," मी म्हणलं. "जातीस?"

"तुमी पाठवायलात का मी जायलेय, ते आधी सांगा."

असं मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या ह्यांनीसुद्धा.

"तू सांग," मी म्हणलं.

"न्हाई जायची," ती म्हणली. "सोमवारी परभणीला जायचं. आत डॉक्टरांपुढं मी बोलणार. तुमी बाहेर बाकड्यावर बसायचं."

"बाहेर?"

"बाहेर."

"बसंन," मी म्हणलं. हा शब्द गिळायला मला भाकरीच्या तुकड्याएवढा वेळ लागला, पण गिळला.

गाडीचा आवाज आला. बन्सीधर धुऱ्यावरून पळत आला, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात गोळ्यांची पट्टी. सवयीनं त्यानं पट्टी माझ्यापुढं धरली. मी दोन्ही हात पदरात घेतले.

तो उभाच. मी बघितलं नाही त्याच्याकडं. एका माणसाला एवढा वेळ लागावा? मग तो वाकला, आणि उघड्या रानात, भावासमोर, बहिणीसमोर, बायकोच्या पाठीखाली हात घालून तिला उठवून बसवलं. पट्टी तिच्या मुठीत दिली. गोळी तिनं स्वतः अंगठ्यानं दाबून काढली. दोनदा निसटली, कुणी मदत केली नाही, तिनं मागितलीही नाही. तिसऱ्यांदा तिनं ती जिभेवर ठेवली आणि पाणी कुठंय म्हणून इकडंतिकडं बघितलं.

बन्सीधरच्या हातातला तांब्या मी घेतला आणि तिच्या ओठांना लावला.